कटिंगचं टेबल कुणाचं?

आत्याचा आवाज बसला तो नेमका सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि घरात कुणालाच त्याचे फारसे वाईट वाटले नाही. उलट तिच्या भाच्याने, दुकान सांभाळणाऱ्या भाऊने, डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली की बोलायचे नाही म्हणजे अजिबातच बोलायचे नाही ना. कुजबुजायचेसुद्धा नाही, असे डॉक्टर म्हणाले; त्याने घसा आणखी दुखावतो. "ऐकलंस ना आत्या?" भाऊ म्हणाला. आत्याने त्याच्याकडे असे पाहिले की दुसरा कुणी असता तर शिवणीतून उसवला असता.

एकूण काय, भाऊच्या बहिणीचे, ताईचे, काय करायचे हे ठरवायला बैठक बसणार होती, आणि त्या बैठकीत जिचा आवाज सगळ्यांत मोठा तीच मुकी असणार होती.

बैठक भरली दुकानातच. घरात बसून बोलायची या मंडळींना सवयच नव्हती. लग्ने ठरली ती दुकानात, अबोले धरले ते दुकानात, आत्याच्या भावाने, म्हणजे ताई-भाऊच्या वडिलांनी, शेवटचा श्वास सोडला तोही काउंटरमागच्या खुर्चीवर. सुट्टीचा दिवस म्हणून शटर अर्धे ओढून घेतले होते. पंखा टकटक करत फिरत होता, रेडिओ कुणी लावला होता कुणास ठाऊक, आणि वहिनी, म्हणजे भाऊची बायको, कपबशा वाजवत चहा ओतत होती.

ताई बसली होती काउंटरजवळच्या उशीच्या खुर्चीत. भाऊपेक्षा थोरली, चाळिशी ओलांडलेली. एके काळी या दुकानाचे कोट तिच्या हाताने ओळखले जात. वडिलांनी तिला कटिंगच्या टेबलाशी उभे केले ते शाळा संपल्या संपल्या, आणि ती तिथेच वाढली. दुकानाची रीत अशी की बाहेर आत्या गिऱ्हाईकाचे माप घेणार आणि तिथूनच आत ओरडून सांगणार. "छाती अडतीस! खांदा सतरा! पोट जरा सोडून!" आणि आत कटिंगच्या खोलीत ताई ते ऐकत सरळ कापडावर खडू ओढणार. कागदाला इथे कधी कुणी विचारले नाही. कागद हरवतो, कान हरवत नाही, असे वडील म्हणायचे, आणि आत्याला ते वाक्य वेदवाक्यासारखे वाटायचे, कारण त्यात तिच्या घशाचा मान होता.

मग गेल्या वर्षी ताई माळ्याच्या शिडीवरून कापडाचे ठाण घेऊन उतरताना पडली. डोक्याला मार लागला तो आत, मेंदूला. दवाखान्यातून घरी आली, चालू लागली, बोलू लागली. वरून पाहिले तर ताई पूर्वीचीच. म्हणूनच सगळी पंचाईत. हात मोडला असता तर गळ्यात अडकवलेला हात लोकांना दिसला असता. हे कुणाला दिसतच नव्हते.

"ताण नको," डॉक्टरांनी सांगितले होते, "एका वेळी एकच गोष्ट. कामावर हळूहळू घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आत्याने लगेच निकाल दिला: कटिंग कठीण, काउंटर सोपे, तेव्हा पोरगी माझ्याशेजारी बसेल, फोन घेईल, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलेल, तिचा जीव रमेल. उशी आत्याने स्वतः शिवली होती.

काउंटर ताईला झेपले नाही. एकाचा कोट दुसऱ्याला गेला. फोन उचलून ती काय सांगायचे ते विसरून गप्प उभी राहायची. आणि गेल्या आठवड्यात, दुकान भरलेले असताना, तिने फोनची वायर उपटली आणि दोन्ही कान दाबून काउंटरखाली जाऊन बसली. गिऱ्हाइके एकमेकांकडे बघत राहिली.

"हे बघ ताई," भाऊने सुरुवात केली, "कुणी तुला काढत नाहीये. दुकान तुझंच आहे. पण काउंटरचं साधं काम झेपत नाही, तर टेबलाचा विषय तरी कसा काढायचा? तू घरी आराम कर. टेबल नानाला देऊन टाकू. कायमचं."

नाना हा आत्याचा मुलगा. वय तिशीचे, पण लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा कुरकुरा, म्हणून नाना. ताई पडल्यापासून टेबल तोच ओढत होता.

"मला उत्तर आजच पाहिजे," नाना म्हणाला. "वर्षभर राबतोय. कुणी विचारलं तर सांगतो काय, की ताई येईपर्यंत उभा आहे. मला दुसरीकडून बोलावणं आलंय. तिथे निदान माझं टेबल माझं असेल."

"अहो, पण ताईंना विचाराल की नाही?" वहिनी चहा ओतता ओतता म्हणाली. "जिचं जळतं तिला कळतं."

"विचारतोच आहे की!"

"कुठे विचारताय? सांगताय!"

"वहिनी, तू मध्ये पडू नकोस," नाना म्हणाला. "तुला फोन घ्यावा लागत नाही, कापता कापता तो माझ्या कानाशी..."

"फोन घ्यायला मला कुणी सांगितलंच नाही!"

इथे, दर वेळी, आत्याने काउंटरवर थाप मारून सगळ्यांना गप्प केले असते. या वेळीही तिने थाप मारली. कुणी पाहिलेसुद्धा नाही. थापेमागे आवाज नसला की ती नुसती माशी मारल्यासारखी वाटते, हे आत्याला आज कळले.

तिच्या मनात एक वाक्य तयार होते. ते साधे नव्हते, कारण एका बाजूला पोटचा पोरगा आणि दुसऱ्या बाजूला हाताने न्हाऊमाखू घातलेली भाची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरी वाक्य होते. हातवारे करून सांगायला फट मिळेल म्हणून ती थांबली. पण भाऊ नानाला काही म्हणत होता, नाना वहिनीला, वहिनी दोघांना, रेडिओवरचा माणूस कशावर तरी हसत होता, पंखा टकटकत होता, भाऊचा मोबाइल वाजू लागला आणि तो तसाच वाजू दिला गेला. फट काही मिळाली नाही. आणि थांबता थांबता आत्या आपले वाक्य विसरली. चक्क विसरली. तिने डोके खाजवले, आठवेना.

जन्मभर ती या गोंगाटाच्या मधोमध बसली होती, पण त्यात तिचा स्वतःचा आवाज असल्याने तो तिला कधी ऐकूच आला नव्हता. आज पहिल्यांदा ऐकला. बाई गं, तिच्या मनात आले, ही माणसे आहेत की बाजार?

मग तिची नजर ताईकडे गेली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. खुर्चीची कड तिने घट्ट धरली होती. तिचे ओठ हलले, म्हणजे तिने बोलायला सुरुवात केली होती.

"काय? बोल ना पटकन," भाऊ म्हणाला. तो वाईट बोलला नाही, फक्त घाईत बोलला. ताईचे ओठ मिटले.

"बघा," नाना म्हणाला. "नुसतं बसूनसुद्धा झेपत नाहीये तिला."

आत्याने त्या मिटल्या ओठांकडे पाहिले. आत्ता आपले वाक्य गेले ना, तसे या पोरीचे रोज जाते. रोज, माझ्या शेजारी बसून.

ती उठली, ताईच्या दंडाला धरून तिला उठवले आणि सरळ आतल्या कटिंगच्या खोलीत नेले. दार लावून घेतले. बाहेर कुणीतरी म्हणाले, "हां, जरा पाणी दे तिला," आणि वाद पुढे चालू झाला.

कटिंगच्या खोलीत पंखा नव्हता. पंख्याने कापड हलते, म्हणून वडिलांनी तो कधी बसवलाच नाही. एक लांब टेबल, एक उत्तरेची खिडकी, भिंतीला टांगलेल्या लाकडी पट्ट्या आणि कापडाचा कोरा वास. दाराला जाड गाद्यांचे अस्तर नव्हते की काही नव्हते, तरी ते लागले की बाहेरचे बोलणे दूरच्या शेजाऱ्यांचे वाटायचे. टेबलावर नानाने आदल्या दिवशी सोडलेला राखाडी कोट पडला होता. पाठ आणि पुढचे भाग कापून झालेले, बाह्यांचे कापड नुसतेच पसरलेले.

ताई टेबलाला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर रंग परत येताना आत्याला दिसला. मग ताईने कापड तळव्याने सारखे केले, तिरके पडले होते ते सरळ केले आणि विचारले, "कुणाचा?"

तोंड उघडून आत्या थबकली. सवयीने छाती भरून घेतलेली हवा तिने परत सोडून दिली. अस्तराची एक काळी चिंधी ओढली आणि खडूने तिच्यावर लिहिले: निवृत्त हेडमास्तर. बाहीची लांबी. मनगट. दंड. प्रत्येकापुढे आकडा. आणि खाली: उजवा खांदा उतरता.

ताईने वाचले. चिंधी टेबलावर डाव्या हाताशी ठेवली. एक आकडा पाहिला, कापडावर खूण केली. पुन्हा चिंधीकडे पाहिले, दुसरी खूण केली. पूर्वीची ताई असती तर एव्हाना पुढच्या कोटावर गेली असती. ही ताई एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर वाट पाहत पाहत जात होती. पण रेघ आली ती सरळ आली आणि बाहीच्या माथ्याचा बाक आला तो एका झटक्यात, न थांबता, जसा फक्त तिलाच यायचा. मग तिने मोठी कात्री उचलली. कचकच आवाज टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला आणि बाही कापडातून वेगळी झाली.

आत्याच्या डोळ्यांना पाणी आले. एरवी तिने दोन शिव्या घालून ते परतवले असते. आज तेवढीही सोय नव्हती.

"आत्या," ताई म्हणाली, "तुला एक... सांगू? रागावू नकोस."

आत्याने मान हलवली.

"तुझा आवाज बसला ना, तर मला बरं वाटलं. कालपासून. खूप बरं वाटलं."

आत्याने हातातला खडू टेबलावर ठेवला.

"तू लिहिलंस, ते इथेच राहतं." ताईने चिंधीवर बोट ठेवले. "तू बोलतेस, ते... जातं. बाहेर सगळं एकदम येतं. फोन येतो, तू येतेस, कुणी कोट मागतं, कुणी भाव विचारतं. एक धरायला जावं तर दुसरं निसटतं. आणि सगळे म्हणतात, साधं काम आहे, जमेल. ते साधं नाही गं. हे साधं आहे." तिने टेबलावर हात थोपटला. "हे मला येतं."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला! आत्याला स्वतःचीच चीड आली. सगळ्या दुकानात जी जागा सगळ्यांत गोंगाटाची, ती तिने या पोरीला प्रेमाने दिली होती, वर उशी शिवून दिली होती. आणि जी एकच खोली शांत, तिथून तिला उठवले होते. डॉक्टरांनी सांगितले एका वेळी एकच गोष्ट. घराने ऐकले सोपी गोष्ट. आणि सगळ्यांत आधी ऐकले ते आत्याने. तिने ताईला जवळ ओढले आणि तिच्या केसांवर, जिथे टाके पडले होते तिथे, हात ठेवून उभी राहिली.

दार उघडले. "इथे काय चाललंय?" भाऊने ताईच्या हातातली कात्री पाहिली आणि त्याचा आवाज चढला. "ताई! ठेव ती आधी! आत्या, तू काय करतेस, तिला कात्री कशी..." त्याच्या मागून नाना घुसला, "माझा कोट! तो उद्या ट्रायलला..." आणि वहिनी, "अगं बाई, काय झालं?"

ताईने डोळे मिटून घेतले. आत्या तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, दुसरी चिंधी ओढली, खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले आणि ती भाऊच्या नाकासमोर धरली.

"एकेकाने बोला," भाऊने वाचले.

वहिनीला हसू फुटले. "हे आत्या सांगतायत! आत्या!" ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली, आणि मग नानाही हसला, स्वतःच्या मनाविरुद्ध. हसता हसताच वहिनी बाहेर गेली, रेडिओ बंद केला, पंखा बंद केला आणि परत येऊन दार लावले.

"बोला, ताई," ती म्हणाली. "लागेल तेवढा वेळ घ्या. यांना मी बघते."

ताईने वेळ घेतला. भाऊचे ओठ हलायला लागले की वहिनी नुसती त्याच्याकडे पाहायची.

"मला टेबल पाहिजे," ताई म्हणाली. "सगळं नाही. सकाळचं. दुकान उघडायच्या आधीपासून, मी... थकेपर्यंत. माप लिहून पाहिजे. आत आणून द्यायचं, दारातून हाका नाही मारायच्या. आणि फोन मी घेणार नाही. कधीच."

"फोन मी घेते," वहिनी म्हणाली. "मला केव्हाचं कुणी विचारावं असं वाटत होतं."

नानाने तोवर बाही उचलली होती. टेप काढून त्याने ती मापली, उलटी करून मापली, पाठीच्या भागाशी लावून पाहिली. त्याला चूक सापडायला हवी होती, हे त्याच्या आईला स्पष्ट दिसत होते, आणि ती सापडत नव्हती हेही.

"एक बाही ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "एक बाही कुणालाही जमेल."

भाऊ स्टुलावर बसला. त्याचा सूर आता वेगळा होता. "ताई, बाहीचं मला भ्या नाही. मला तुझं भ्या वाटतं. तुला मी ओळखतो. ताप अंगात असताना तू कापत उभी राहायचीस. थकेपर्यंत म्हणतेस, पण तू थकलीस हे तू कधी कबूल केलंयस? पुन्हा काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? त्या दिवशी शिडीखाली मीच तुला पाहिलं. तुम्ही नाही."

हे त्याने वर्षभरात कुणालाही सांगितले नव्हते.

ताईने दुसऱ्या बाहीचे कापड समोर ओढले. चिंधी पाहिली, खूण केली. पुन्हा चिंधी पाहिली. सगळे घर गप्प उभे होते, आणि हे घर एकाच वेळी सगळे गप्प असण्याचा प्रसंग यापूर्वी घडला असेल तर तो कुणाच्या आठवणीत नव्हता. कात्री चालू लागली. दंडाच्या खाली आली, कोपरापर्यंत पोहोचली, आणि तिथे थांबली.

ताईने कात्री खाली ठेवली.

"बास," ती म्हणाली. "आता अक्षरं हलतायत. बाकीचं नाना करेल."

अर्धी बाही तशीच पडून राहिली. ताईने कापायला घेतलेले कापड अर्ध्यावर सोडले, असे या खोलीने कधी पाहिले नव्हते. भाऊ त्या अर्ध्या बाहीकडे बघत बसला. मग त्याने तळव्याने तोंड पुसले आणि बहिणीला म्हणाला, "बरं. उद्यापासून ये."

"आणि मी?" नाना म्हणाला. "मी काय, दुपारचा कटर? अर्धा?"

"तू पूर्ण," ताई म्हणाली. "अर्धी मी."

"तसं नव्हतं म्हणायचं मला," नाना गडबडला. सगळ्यांना वाटले तो निघून जाणार. पण त्याने कात्री उचलली, ताईने जिथे सोडले होते तिथे पाते बसवले आणि कोपरापासून पुढे कापत गेला. जोड कुठे झाला ते शोधून सापडले नसते. "थंडी संपेपर्यंत बघतो," तो मान वर न करता म्हणाला. "त्या लोकांना सांगतो, आत्ता नाही म्हणून. पण थंडी संपेपर्यंतच. आणि सकाळी लवकर यायचं मला कुणी सांगू नका. आपली झोप मोडत नाही मी कुणासाठी."

"मग सकाळी आत मापं कोण आणून देणार?" वहिनीने विचारले.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिले. आत्याने खडू घेतला आणि चिंधीवर लिहिले: माझ्या गुडघ्यांचं काय? मग ते बोटाने पुसले आणि खाली लिहिले: बरं.

आवाज परत आला तो तिसऱ्या दिवशी, आणि त्याच दिवशी आत्याने माती खाल्ली. एका लग्नाळू पोराच्या छातीभोवती टेप गुंडाळली आणि सवयीने आत ललकारली, "छाती चाळीस!" आतली कात्री थांबली. पुष्कळ वेळ सुरू झाली नाही. आत्या स्वतःचे कान धरून आत गेली, ताईची माफी मागितली, आणि त्या सकाळी टेबलावर आणखी काही कापले गेले नाही. असे पुन्हाही झाले. एकदा भाऊकडून, एकदा मालाचे ठाण घेऊन आलेल्या हमालाकडून. सुधारणा काही एका दिवसात होत नसते, तोंडाची तर नाहीच.

पण एका सकाळी एक जाडजूड ठेकेदार दुकानात शिरला, हातात कापडाचे पुडके आणि मोबाइलवर बोलणे चालू. बोलणे म्हणजे आरडाओरडाच. आत्याने ओठांवर बोट ठेवले. तो थबकला. त्याने बंद रेडिओ पाहिला, काउंटरवरचे लिहायचे कागद पाहिले, पलीकडे फोनवर हळू आवाजात बोलणारी वहिनी पाहिली आणि आतल्या खोलीचे लावलेले दार पाहिले. मोबाइल खिशात घालून तो दबक्या आवाजात म्हणाला, "माफ करा हं. आत कुणी आजारी आहे का?"

"आजारी?" आत्या तितक्याच हळू म्हणाली. "छे हो. आमची कटर कामावर आलीय."

आणि गळ्यातली टेप काढून तिने त्याला हात वर करायला सांगितले.